जोड दिसू नये म्हणून

लाकडी टेबलावर हात फिरवताना बोटाला कुठे काही लागलं नाही, तर समजावं की कुणीतरी त्या टेबलावर बराच वेळ घालवला आहे. कारण ते टेबल एका फळीचं नसतं. पाच-सहा इंच रुंदीच्या सहा-सात पट्ट्या कडेला कड लावून चिकटवलेल्या असतात. त्या कडा जर खरोखर जुळलेल्या असतील तर दहा वर्षांनीही जोड कुठे आहे हे शोधावं लागतं, आणि नसतील तर पहिल्याच उन्हाळ्यात काळी रेघ दिसू लागते. सुतारकामात कूस आणि साळ, कोपरे, नक्षी यांचं कौतुक होतं. दोन फळ्या शेजारी शेजारी जोडण्याचं फारसं कुणी बोलत नाही. खरं तर लाकडी वस्तूचा बहुतेक देखणेपणा याच साध्या सांध्यावर उभा असतो.

हा सांधा नीट करायचा तर जॉइंटर मशिन हवंच, अशी एक समजूत हौशी सुतारांत आणि लहान कारखान्यांत घट्ट बसली आहे. मशिन नाही म्हणून कित्येक जण घन लाकडाचं काम हातात घेतच नाहीत, प्लायवूडवर भागवतात. ही समजूत चुकीची आहे. मशिन सोयीचं आहे, वेळ वाचवणारं आहे. पण कडा जुळण्यामागचं कारण मशिनमध्ये नाही. ते एका अगदी सोप्या भूमितीत आहे, आणि ती भूमिती हातरंध्याने, साध्या गोल करवतीने किंवा राउटरनेही साधता येते.

रुंद फळी का मिळत नाही

शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला तेव्हा त्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून. त्या काळी भरदार झाडं हाताशी होती. आज साग म्हटलं की पूर्व विदर्भाकडे पाहावं लागतं. आलापल्लीचं जंगल, बल्लारशाची वखार ही नावं लाकडाच्या व्यापारात देशभर माहीत आहेत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लागणारं सागवान मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहूनच रवाना झालं. पण असं निवडक लाकूड सर्वांच्या वाट्याला येत नाही. आपल्याला वखारीत मिळतो तो बहुतेक वेळा लागवडीचा, कमी घेराचा साग. ओंडका चिरून बाहेरचा पांढरा भाग काढून टाकला की पक्क्या गाभ्याची फळी पाच-सहा इंचांचीच उरते.

रुंद फळी मिळाली तरी ती नेहमी हवीशी असते असंही नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्यानुसार फुगतं-आकसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो; रुंदीत मात्र चांगलाच असतो. हिरवा साग पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या कडेने साधारण ५.८ टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे साधारण २.५ टक्के. या दोन आकड्यांतला फरक हेच फळी वाकण्याचं मूळ आहे. एकच रुंद फळी पन्हळीसारखी वाकते, तेव्हा तो बाक एकाच दिशेने वाढत जाऊन डोळ्यांत भरतो. अरुंद पट्ट्यांचा बाक छोटा असतो आणि पट्ट्या निवडून लावल्या की तो आवरताही येतो. म्हणून जोडलेला फळा ही केवळ तडजोड नाही. नीट जोडलेला फळा अनेकदा अखंड फळीपेक्षा जास्त शहाण्यासारखा वागतो. केरळच्या रबरवूडचे जे तयार फळे आता दुकानांत सर्रास मिळतात, तेही असेच लहान पट्ट्या जोडून कारखान्यात बनवलेले असतात.

मशिन नेमकं काय करतं

जॉइंटरची रचना समजून घेतली की त्याच्याविना काम कसं करायचं तेही कळतं. दोन सपाट लोखंडी टेबलं, त्यांच्या मधे फिरणारा पात्यांचा रूळ आणि बाजूला काटकोनात उभी केलेली आधारपट्टी, एवढाच त्याचा पसारा. पुढचं टेबल मागच्यापेक्षा किंचित खाली असतं. तो फरक म्हणजे कापाची खोली. मागचं टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या टोकाशी बरोबर एका पातळीत असतं. फळी पुढे सरकते, उंचवटा कापला जातो आणि कापलेला भाग मागच्या टेबलावर टेकतो. पुढचा काप मग या नव्या सरळ भागाच्या आधाराने होतो. सरळपणा टेबलातून फळीत उतरतो, काटकोन आधारपट्टीतून उतरतो.

आपल्याकडे अनेक कारखान्यांत याला नुसतं रंधा मशिन म्हणतात आणि जाडी सारखी करणाऱ्या मशिनलाही तेच म्हणतात. दोन्हींत मोठा फरक आहे. जाडीचं मशिन फळी सर्वत्र सारख्या जाडीची करतं. वाकडी फळी त्यातून सारख्या जाडीची पण वाकडीच बाहेर येते. कड सरळ करण्याचं काम त्याचं नव्हे.

यंत्राने रंधा मारण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या सॅम्युएल बेंथमने १७९१ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. हातरंधा त्याहून कितीतरी जुना. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतून रोमन रंधे सापडले आहेत. म्हणजे जगभरच्या सुतारांनी किमान सतराशे वर्षं मशिनविना कडा जुळवल्या. त्या कडांची कामं संग्रहालयांत आणि जुन्या घरांत आजही पाहायला मिळतात.

दोष एकमेकांत मिटवायचा

आता मूळ मुद्दा. दोन फळ्या सपाट जोडल्या जाण्यासाठी प्रत्येक कड अचूक ९० अंशांत असावी लागते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तशी गरज नसते. गरज असते ती दोन कडांच्या कोनांची बेरीज १८० होण्याची.

प्रत्येक कड वेगवेगळी रंधली आणि प्रत्येक वेळी हात थोडा कलून ती ८९ अंशांत निघाली, असं समजू. अशा दोन कडा जोडल्या की सांध्यात दोन अंशांचं वळण येतं. सहा पट्ट्यांच्या फळ्यात पाच सांधे असतात. पाच दुणे दहा. एवढ्याशा चुकीने सगळा फळा दहा अंशांनी वाकतो आणि मग तो क्लॅम्पने दाबून सरळ करण्याची धडपड सुरू होते.

हेच दोन्ही फळ्या एकत्र रंधून पाहा. पुस्तक मिटावं तशा दोन फळ्या दर्शनी बाजू आत करून एकमेकींवर ठेवायच्या, कडा वर घ्यायच्या आणि शेगड्यात, म्हणजे सुताराच्या पकडीत, एकत्र आवळायच्या. आता दोन्ही कडांवरून रंधा एकाच वेळी फिरतो. हात कललाच तर एक कड ९१ अंशांची होते आणि दुसरी ८९ अंशांची. फळ्या उघडून शेजारी ठेवल्या की बेरीज १८० आणि फळा सपाट. कलणं तेच, पण आता ते दोन्ही बाजूंनी एकमेकांना खाऊन टाकतं. जगभरचे हातरंध्यावर काम करणारे सुतार ही युक्ती वापरतात. ज्यांच्याकडे मशिन आहे तेही एक फळी दर्शनी बाजू आधारपट्टीकडे करून आणि तिची जोडीदार उलटी करून चालवतात, ते याच कारणाने.

या युक्तीची मर्यादाही तितकीच लक्षात ठेवायला हवी. ती कोनाची चूक मिटवते, लांबीतली मिटवत नाही. एकत्र रंधताना कडेच्या मधोमध उंचवटा राहिला तर तो दोन्ही फळ्यांवर राहतो. उघडून जोडल्या की उंचवट्याला उंचवटा भिडतो आणि दोन्ही टोकांना दुप्पट फट पडते. कोन एकमेकांना सांभाळून घेतात; सरळपणा मात्र कडेत असावाच लागतो. हातरंध्याचं सगळं कसब या एका गोष्टीत आहे.

रंध्याखाली

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात अजूनही काही जुने कारखाने आहेत, जिथे मशिनच्या आवाजाच्या बाजूला हातरंधा चालतो. तिथे एका ज्येष्ठ मिस्त्रींना चौरंगासाठी फळ्या जोडताना जवळून पाहता आलं. फळ्या सागाच्या, चार फूट लांब, इंचभर जाड. त्यांनी आधी रंधा उचललाच नाही. फळ्या जमिनीवर मांडल्या, उलटसुलट केल्या, अदलाबदल केली. रेषा कुठून कुठे जातात, कुठली गाठ कुठे येते, पांढरट कड कुठे लपेल हे पाहत बसले. मांडणी ठरल्यावर पेन्सिलने सगळ्या फळ्यांवर मिळून एक मोठा त्रिकोण काढला. नंतर फळ्या कितीही विखुरल्या तरी त्रिकोण जुळला की क्रम जुळतो.

मग रंधा. कड सरळ करायला लांब रंधा लागतो, आणि त्याचं कारण साधं आहे. आखूड रंधा कडेच्या चढउतारांवर चढतो आणि उतरतो. लांब रंध्याचा तळ दोन उंचवट्यांवर टेकून मधल्या खळग्यावरून अधांतरी जातो आणि फक्त उंचवटा कापतो. लोखंडी रंध्यांच्या प्रचलित मापांत पाच नंबरचा जॅक रंधा साधारण १४ इंच लांब असतो, तर कडा जुळवण्याचा सात नंबरचा २२ इंच आणि आठ नंबरचा २४ इंच. पण सुताराकडे जॅक रंधाच असला तरी अडत नाही. तीन-चार फुटांच्या फळीसाठी तो पुरतो, फक्त तपासणी जास्त वेळा करावी लागते.

मिस्त्रींनी शेगड्यातल्या दोन्ही कडांवर पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या. पहिल्या फेरीनंतर काही ठिकाणी रेघा पुसल्या गेल्या, काही ठिकाणी तशाच राहिल्या. म्हणजे कुठे उंच आहे आणि कुठे खोल, हे कडेनेच सांगितलं. रंधा मारताना सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर आणि शेवटाकडे मागच्या मुठीवर. हे जमलं नाही की दोन्ही टोकं जास्त कापली जातात आणि कडेला पोट सुटतं. शिकाऊ मुलाची कड नेमकी तशीच निघते. ‘टोकं सोड रे, मधनं घे,’ एवढंच ते शेजारच्या मुलाला म्हणाले. टोकापासून दोन इंच आत रंधा टेकवायचा आणि दुसऱ्या टोकाआधी दोन इंच उचलायचा. असं करत राहिलं की मधला भाग खाली जातो आणि एक वेळ अशी येते की रंधा कापायचाच थांबतो. त्याच्या तळाला तेवढा खळगा मिळालेला असतो. मग एक-दोन फेऱ्या टोकापासून टोकापर्यंत. रंध्याच्या तोंडातून चार फूट लांब, अखंड, दोन्ही कडांच्या रुंदीची वेटोळी बाहेर आली की कड झाली.

यात पात्याची धार सगळ्यात महत्त्वाची. सागात नैसर्गिक सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. बोथट पातं लाकूड कापत नाही, चुरडतं. चुरडलेल्या कडेवर डिंक नीट धरत नाही आणि उलट्या रेषेवर ढलप्या निघतात. चांगला मिस्त्री कामाच्या मधे दगडाकडे जायला कंटाळत नाही.

तपासणी डोळ्यांनी आणि हातांनी. एक फळी शेगड्यात उभी, दुसरी तिच्या कडेवर ठेवलेली, मागे खिडकीचा उजेड. फटीतून उजेड आला तर कुठून येतो ते पाहायचं. केसाच्या जाडीपेक्षा कमी फटही उजेडात दिसते. मग वरची फळी हलकेच फिरवून पाहायची. ती मधल्या बिंदूवर भिरभिरली तर पोट सुटलेलं आहे. टोकांवर घासत, अडत फिरली तर ठीक. शेवटी लांब पट्टी दोन्ही फळ्यांच्या दर्शनी बाजूला आडवी लावून फळा सपाट आहे का ते बघायचं. यातल्या कशालाही वीज लागत नाही.

मधे किंचित खळगा ठेवायची जुनी रीत आहे, आणि तिला शास्त्रीय आधार आहे. फळीच्या टोकांना लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्यामुळे टोकं मधल्या भागापेक्षा लवकर सुकतात आणि आकसतात. सांधा उघडतो तो बहुतेक वेळा टोकाकडून. चार फुटांच्या फळीत मधोमध तीन-चार कागदांच्या जाडीएवढा खळगा ठेवला आणि मधे क्लॅम्प लावून तो मिटवला, की टोकं कायमची एकमेकींवर दाबलेली राहतात. पुढे ती आकसली तरी आधी तो दाब कमी होतो, फट पडत नाही.

करवत, राउटर आणि सनमायका

सर्वांनाच हातरंधा जमेल असं नाही, आणि दिवसाला दहा फळे करायचे असतील तर परवडणारही नाही. पण दोन कडा एकाच वेळी कापण्याचं तत्त्व विजेच्या साध्या हत्यारांतही तसंच चालतं.

हातातली गोल करवत घ्या. दोन फळ्या शेजारी शेजारी, मधे पात्याच्या कापाहून कमी फट ठेवून पक्क्या आवळा. वर सरळ पट्टी बसवा आणि तिच्या आधाराने करवत दोन्ही कडांमधून एकदाच न्या. पातं दोन्हीकडून थोडं थोडं लाकूड घेतं. पातं एक अंश कललेलं असलं तरी कापाच्या दोन्ही भिंती एकमेकींना समांतर राहतात, म्हणून कोनांची बेरीज १८०च होते. शिवाय पट्टी किंचित वाकडी असली तर एक कड बाहेर फुगते आणि दुसरी तेवढीच आत जाते. हातरंध्यात न मिटणारा लांबीतला दोषही इथे बराचसा मिटतो. पात्याचे ओरखडे राहतात. रंध्याची एक हलकी फेरी ते घालवते.

राउटरचंही तसंच. १२ मिलिमीटरचं सरळ बिट, दोन फळ्यांत १० मिलिमीटरची फट, वर सरळ पट्टी. बिट मधून गेलं की दोन्ही कडांचा एकेक मिलिमीटर निघतो. एक काळजी मात्र घ्यायला हवी. बिट फिरतं त्या दिशेमुळे एका फळीत ते अंगावर येत कापतं आणि दुसरीत पुढे ओढत नेतं. म्हणून काप कमी ठेवायचा, राउटर दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि फळ्या सरकणार नाहीत याची खात्री आधी करायची.

राउटर टेबलाखाली बसवलेला असेल तर त्यातून छोटा जॉइंटरच तयार होतो. आधारपट्टीच्या मागच्या अर्ध्या भागावर एक मिलिमीटरची सनमायका चिकटवायची आणि बिटाची कड त्या सनमायकाच्या पृष्ठभागाशी बरोबर मिळवायची. पुढचा भाग एक मिलिमीटर मागे राहतो. जॉइंटरच्या दोन टेबलांतला फरक इथे उभा मिळतो.

टेबल करवत असणाऱ्यांनी वाकडी कड थेट आधारपट्टीला लावून कधीही कापू नये. फळी पात्यात अडकून अंगावर फेकली जाऊ शकते. त्याऐवजी प्लायवूडची एक लांब पट्टी घ्यावी, वाकडी फळी तिच्यावर बाहेर डोकावेल अशी पक्की बसवावी आणि प्लायची सरळ कड आधारपट्टीला लावून दोन्ही एकत्र चालवावं. प्लायवूड किंवा एमडीएफच्या आठ बाय चारच्या नव्या शीटची कारखान्यातून आलेली कड बहुतेक वेळा चांगली सरळ असते. तिची सहा इंचांची पट्टी कापून ठेवली की स्वस्तातली, लांब, भरवशाची सरळ पट्टी हाती येते. वापरण्याआधी तिच्या आधाराने एक रेघ ओढायची, पट्टी उलटी करून त्याच बिंदूंतून दुसरी रेघ ओढायची. दोन रेघांत फट दिसली नाही तर पट्टी सरळ.

डिंक आणि दाब

पूर्वी हा सांधा सरसाने होत असे. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस पाण्यात भिजवून ६० अंश सेल्सियसच्या आसपास गरम ठेवायचा, कडांना लावायचा आणि दोन्ही कडा एकमेकींवर घासत घासत बसवायच्या. सरस थंड होऊ लागला की पकड येते आणि कडा हलेनाशा होतात. कडा चांगल्या जुळलेल्या असल्या तर क्लॅम्पचीही गरज पडत नाही. व्हायोलिन बनवणारे कारागीर आजही पाठीचे दोन भाग असेच जोडतात.

भारतातल्या सुतारांची सरस गरम करण्यातून सुटका झाली ती पांढऱ्या डिंकाने. १९५९ मध्ये फेविकॉल बनवणाऱ्या पिडिलाइट कंपनीची सुरुवात झाली. ती करणारे बळवंत पारेख एके काळी मुंबईत लाकूड व्यापाऱ्याच्या ऑफिसात शिपाई होते. सुताराचा रोजचा त्रास त्यांनी जवळून पाहिला होता. फेविकॉल हे नाव पुढे डिंकालाच पडलं. हा डिंक लाकडाच्या लांब रेषांना इतका घट्ट धरतो की नीट केलेला सांधा हातोड्याने तोडला तर तो सांध्यात तुटत नाही, शेजारच्या लाकडात तुटतो. तोडलेल्या तुकड्यावर लाकडाचे तंतू चिकटलेले दिसतात. ज्याला शंका असेल त्याने टाकाऊ तुकड्यांवर हा प्रयोग जरूर करावा. सांध्यावरचा विश्वास वाचून येत नाही.

पण हा डिंक फट भरत नाही. पातळ थरातच त्याची ताकद असते; जाड थर वाळून आकसतो आणि कमजोर राहतो. फटीत भुसा-फेविकॉलचा लगदा भरून घासलं तर ते काही दिवस झाकलं जातं, जोड मात्र तयार होत नाही. आणि क्लॅम्पने दाबून फट मिटवता येईल असं वाटणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. कठीण लाकडासाठी पांढऱ्या-पिवळ्या डिंकांना चौरस इंचाला १७५ ते २५० पौंड दाब सांगितला जातो. चार फूट लांब, एक इंच जाड कडेचं क्षेत्रफळ ४८ चौरस इंच. कमीत कमी आकडा धरला तरी ८,४०० पौंड, म्हणजे ३,८०० किलोच्या आसपास जोर लागतो. हा सगळा जोर डिंकाच्या थरावर पडायला हवा. तो वाकड्या कडा ओढण्यात खर्ची पडला, तर फळ्या आतून सुटायला धडपडत राहतात आणि एक दिवस सुटतात.

सागाला नैसर्गिक तेल असतं. म्हणून कड ताजी रंधलेली असावी, त्याच दिवशी जोडावी, आणि तेलकट वाटली तर थिनरच्या फडक्याने पुसून, वाळवून मग डिंक लावावा. क्लॅम्प एक वर, एक खाली असे आलटून पालटून लावावेत, म्हणजे फळा एका बाजूला वाकत नाही. सांध्यावर डिंकाचे बारीक मणी सारख्या अंतराने बाहेर आले की दाब सगळीकडे पोचला. फळा रात्रभर तसाच ठेवावा. क्लॅम्प नसतील तर जमिनीवर किंवा पाटीवर दोन पट्ट्या ठोकायच्या, मधे फळा ठेवायचा आणि एका बाजूला समोरासमोर दोन पाचरी ठोकत न्यायच्या. खेड्यातले सुतार हेच करत आले आहेत, आणि या पाचरींचा जोर चांगल्या क्लॅम्पला हार जात नाही.

पावसाळ्याचा हिशेब

सांधा कितीही सुंदर झाला तरी लाकूड हलायचं थांबत नाही. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड कालांतराने साधारण १७ टक्के ओलाव्याशी येऊन थांबतं; ३० टक्के आर्द्रतेत ते सहा टक्क्यांवर येतं. रत्नागिरीचा श्रावण आणि नागपूरचा मे हे या दोन टोकांच्या जवळचे. लाकडाच्या ओलाव्यासाठी भारतीय मानकाने देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत, ते याचसाठी.

दोन फूट रुंदीचा सागाचा फळा घ्या. ओलाव्यात सहा टक्क्यांचा फरक पडला तर साध्या चिराईच्या सागाची रुंदी सुमारे सात मिलिमीटरनी बदलते. सुतारांच्या भाषेत दोन सुतांहून जास्त. गाभ्याकडून सालीकडे चिरलेल्या फळ्यांत तोच फरक तीन मिलिमीटरच्या आसपास राहतो. म्हणून जोडलेल्या फळ्याखाली आडवी पट्टी डिंकाने कधी चिकटवू नये. पट्टीला लांबट भोकं पाडून त्यांतून स्क्रू लावावेत, म्हणजे फळ्याला हलायला जागा राहते. जुन्या दरवाजांत फळा चौकटीच्या खाचेत सैल बसवलेला असतो, तोही याच हिशेबाने. कित्येकदा जोड फुटला की डिंकाला दोष दिला जातो. खरं कारण फळ्याला खालून जखडून टाकणारी पट्टी असते.

जोड लपवणं आणि जोड दाखवणं

लाकडाशी वागण्याचा एक वेगळा धडा जॉर्ज नाकाशिमा यांनी दिला, आणि त्याचा भारताशी जवळचा संबंध आहे. १९०५ मध्ये अमेरिकेत जन्मलेले हे जपानी वंशाचे वास्तुविशारद १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुद्दुचेरीत होते. श्री अरविंद आश्रमाच्या गोलकोंडा वसतिगृहाच्या बांधकामावर त्यांनी काम केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत ठेवलं, तेव्हा आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत त्यांना एका जपानी सुताराकडून हातहत्यारांचं सखोल शिक्षण मिळालं. पुढे १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी फर्निचर केलं. त्यांच्या टेबलांत लाकडाची नैसर्गिक कड आणि भेगा तशाच ठेवलेल्या असतात, आणि भेग पुढे जाऊ नये म्हणून फुलपाखराच्या आकाराची चावी उघडपणे बसवलेली असते. जोड लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. पण त्यांच्या दोन फळ्या जिथे भिडतात तिथे कड तितकीच चोख आहे. दाखवायचा असो वा लपवायचा, सांधा आधी खरा असावा लागतो.

आपल्याकडे हे कसब टिकवायचं असेल तर आता संधी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या रकमेत जॉइंटर बसत नाही. एक चांगला लोखंडी रंधा, धारेचे दगड, खरा गुण्या, सरळ पट्टी आणि दोन-चार क्लॅम्प मात्र नक्की बसतात. आयटीआयच्या वर्गांतून आणि अशा प्रशिक्षणांतून मशिन चालवायला शिकवण्याआधी कड तपासायला शिकवलं जावं, असं मला मनापासून वाटतं. जो मुलगा उजेडात फट ओळखतो, फळी फिरवून पोट ओळखतो आणि दोन फळ्या एकत्र का रंधायच्या हे समजून घेतो, तो पुढे कुठल्याही मशिनवर उभा राहिला तरी चांगलंच काम करील. मशिनची आधारपट्टी कधी कलली तर ते त्यालाच आधी कळेल.

घरी हौसेने काम करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. महागडं मशिन येईपर्यंत थांबू नका. दोन फूट लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, मिटवून शेगड्यात आवळा, रंध्याला धार लावा आणि एक सांधा करा. वाळल्यावर तो हातोड्याने तोडून पाहा. लाकूड तुटलं आणि जोड टिकला, तर पुढच्या सहा फळ्या विकत आणायला हरकत नाही.